ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (जन्म: ९ डिसेंबर, इ.स. १९०६, न्यू यॉर्क. मृत्यू: १ जानेवारी, इ.स. १९९२, आर्लिंग्टन, व्हर्जिनिया) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि अमेरिकन नौदलातील रिअर अ‍ॅडमिरल होत्या. हार्वर्ड मार्क १ या गणनयंत्रासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या पहिल्या तीन व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. इ.स. १९५१-५२ मध्ये त्यांनी तयार केलेली ए-० ही प्रणाली कंपायलरच्या इतिहासातील आरंभीचा टप्पा मानली जाते. त्यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेतून पुढे कोबॉल या व्यापारी संगणकभाषेची जडणघडण झाली.

यंत्राला संख्या कळतात, तर माणसाला नावे. म्हणून माणसाने नावे वापरावीत आणि त्यांचे संख्यांत रूपांतर करण्याचे काम यंत्रानेच करावे, हे तत्त्व त्यांच्या साऱ्या कार्यामागे दिसते. या तत्त्वाची दुसरी बाजू म्हणजे संख्यांत रूपांतरित झालेल्या आज्ञावलीत दोष आढळल्यास ती मूळ नावे पुन्हा माणसापुढे कशी आणावीत, हा प्रश्न होय. आजच्या डीबगर साधनांचे बरेचसे काम याच प्रश्नाभोवती फिरते.

जन्म आणि बालपण

ग्रेस यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. वडील वॉल्टर फ्लेचर मरे हे विमा व्यवसायात होते. आईचे नाव मेरी कॅम्पबेल व्हॅन हॉर्न. तीन भावंडांत ग्रेस थोरल्या होत्या. त्यांच्या पाठीवर मेरी ही बहीण आणि रॉजर हा भाऊ होता. आईचे वडील जॉन व्हॅन हॉर्न हे स्थापत्य अभियंता होते. पणजोबा अलेक्झांडर विल्सन रसेल हे नौदलात अधिकारी होते आणि अमेरिकन यादवी युद्धातील मोबाइल बेच्या लढाईत त्यांनी भाग घेतला होता. नौदलाविषयीचे त्यांचे आकर्षण घरातूनच आलेले होते.

वयाच्या सातव्या वर्षी गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातील एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जुळेना, तेव्हा दुसरे उघडले. अशी सात घड्याळे सुटी झाल्यावर आईच्या लक्षात हा प्रकार आला. त्यानंतर त्यांना प्रयोगासाठी एकच घड्याळ ठेवण्याची मुभा मिळाली. वडिलांचे पाय आजारपणामुळे कापावे लागले होते. आपल्या मुलींनी मुलाइतकेच शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता.

शिक्षण आणि अध्यापन

सोळाव्या वर्षी वासर महाविद्यालयात प्रवेशासाठी केलेला त्यांचा पहिला प्रयत्न लॅटिन विषयातील कमी गुणांमुळे फसला. पुढील वर्षी त्यांना प्रवेश मिळाला आणि इ.स. १९२८ मध्ये गणित व भौतिकशास्त्र या विषयांत त्या पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून त्यांनी इ.स. १९३० मध्ये पदव्युत्तर पदवी आणि इ.स. १९३४ मध्ये गणितातील डॉक्टरेट मिळवली. नॉर्वेजियन गणितज्ञ ऑयस्टाइन ओर हे त्यांचे मार्गदर्शक होते. त्या काळी अमेरिकेत गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या स्त्रियांची संख्या फारच कमी होती.

इ.स. १९३० मध्ये व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ.स. १९४५ मध्ये घटस्फोट झाल्यानंतरही त्यांनी हॉपर हेच आडनाव कायम ठेवले. त्यांना अपत्य नव्हते. इ.स. १९३१ पासून त्या वासर महाविद्यालयातच गणित शिकवू लागल्या आणि इ.स. १९४१ मध्ये सहयोगी प्राध्यापक झाल्या.

नौदलात प्रवेश आणि हार्वर्ड मार्क १

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर हॉपर यांनी नौदलात भरती होण्याचा प्रयत्न केला. वय ३४ वर्षांहून अधिक, उंचीच्या मानाने वजन कमी आणि गणिताच्या प्राध्यापकाचा व्यवसाय युद्धकाळात आवश्यक मानलेला, अशा तीन अडचणी त्यांच्यापुढे होत्या. वजनाच्या अटीत सूट मिळवून आणि महाविद्यालयातून रजा घेऊन त्या डिसेंबर इ.स. १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलातील स्त्रियांच्या वेव्हज या विभागात दाखल झाल्या. स्मिथ महाविद्यालयातील प्रशिक्षणात त्या आपल्या तुकडीत पहिल्या आल्या.

जुलै इ.स. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील नौदलाच्या गणन प्रकल्पावर झाली. तेथे हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली मार्क १ हे यंत्र उभे होते. सुमारे १५.५ मीटर लांबीचे आणि साडेसात लाखांहून अधिक सुट्या भागांचे हे यंत्र आयबीएम कंपनीने बांधले होते. त्यास दिल्या जाणाऱ्या आज्ञा कागदी पट्टीवर छिद्रे पाडून लिहिल्या जात आणि प्रत्येक आज्ञा म्हणजे अंकांचा एक संच असे. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल यांच्यासमवेत हॉपर या यंत्रासाठी आज्ञा लिहू लागल्या. युद्धकाळात या यंत्रावर नौदलाच्या अनेक गणना झाल्या. जॉन फॉन नॉयमन यांनी आणलेली, अणुबाँबच्या रचनेशी संबंधित असलेली गणनाही त्यांत होती. मार्क १ च्या कार्यपद्धतीची पाचशेहून अधिक पृष्ठांची पुस्तिका इ.स. १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या लेखनाचा मुख्य भार हॉपर यांनी उचलला होता.

या काळातच त्यांना दोषांच्या एका महत्त्वाच्या उगमाची जाणीव झाली. एखादी गणना, उदाहरणार्थ त्रिकोणमितीतील साइनचे मूल्य काढण्याची कृती, वारंवार लागत असे. ती प्रत्येक वेळी नव्याने लिहिण्याऐवजी सहकारी आपापल्या वह्यांत नमुने जपून ठेवत आणि एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत. मात्र उतरवताना अंक चुकत. नव्या ठिकाणी बसवताना प्रत्येक पत्त्यात ठरावीक संख्या मिळवावी लागे आणि त्या बेरजेतही चुका होत. नक्कल करणे आणि बेरीज करणे ही दोन्ही कामे माणसाला कंटाळवाणी, तर यंत्राला सोपी आहेत, हा निष्कर्ष त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरला.

मार्क २ आणि कीटकाची नोंद

दि. ९ सप्टेंबर, इ.स. १९४७ रोजी हार्वर्ड येथे मार्क २ या यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग हा कीटक अडकलेला आढळला. तो नोंदवहीत चिकटवून, खराखुरा कीटक सापडल्याची ही पहिलीच वेळ असल्याची मिश्कील नोंद तेथे करण्यात आली. इंग्रजीत कीटकास बग म्हणतात, आणि यंत्रातील दोषास तोच शब्द वापरला जातो. ही नोंदवही आता स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासविषयक राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हा कीटक हॉपर यांनी शोधला आणि बग हा शब्दही त्यांनीच रूढ केला, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात कीटक त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला होता. यंत्रातील दोष या अर्थाने हा शब्द त्यापूर्वी कित्येक दशके वापरात होता. थॉमस एडिसन यांच्या इ.स. १८७८ मधील पत्रव्यवहारातही तो आढळतो. नोंदीतील विनोद हा शब्द आधीपासून रूढ असल्यामुळेच साधला आहे. हॉपर यांनी आपल्या व्याख्यानांतून ही कथा वारंवार सांगितल्याने ती त्यांच्या नावाशी जोडली गेली.

युनिव्हॅक आणि ए-० कंपायलर

युद्धानंतर वासर महाविद्यालयाने देऊ केलेले प्राध्यापकपद नाकारून हॉपर हार्वर्ड येथेच संशोधक म्हणून राहिल्या. तेथे कायमस्वरूपी पद मिळण्याची शक्यता नव्हती. या वर्षांत त्यांना मद्यपानाच्या व्यसनाशी झुंजावे लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. इ.स. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली कॉम्प्युटर कॉर्पोरेशनमध्ये रुजू झाल्या. इ.स. १९५० मध्ये ही कंपनी रेमिंग्टन रँड कंपनीने विकत घेतली. इ.स. १९५५ मधील विलीनीकरणानंतर ती स्पेरी रँड या नावाने ओळखली जाऊ लागली.

कंपनीच्या बायनॅक या यंत्रासाठी आज्ञा अष्टमान पद्धतीत लिहाव्या लागत. हॉपर यांनी ही पद्धत इतकी अंगवळणी पाडली की, घरच्या बँकखात्याचा हिशेब जुळेना. अखेर आपण बेरीज-वजाबाकीही अष्टमान पद्धतीनेच करीत आहोत, असे त्यांच्या ध्यानात आले. माणसाने यंत्राची भाषा शिकण्यापेक्षा यंत्राने माणसाच्या भाषेकडे यावे, याचे उदाहरण म्हणून त्या हा प्रसंग पुढे सांगत असत.

युनिव्हॅक १ साठी त्यांनी नेहमी लागणाऱ्या सबरुटीन चुंबकीय फितीवर साठवल्या आणि प्रत्येकीस एक संकेतांक दिला. आज्ञावली लिहिणाऱ्याने केवळ संकेतांक आणि आवश्यक मूल्ये लिहायची. फितीवरून ती सबरुटीन शोधणे, मेमरीत तिची जागा ठरवणे आणि तिच्यातील सर्व पत्ते त्यानुसार बदलणे हे काम ए-० ही प्रणाली करीत असे. निरनिराळे भाग गोळा करून एकत्र रचणे, या अर्थाने त्यांनी या प्रणालीस कंपायलर म्हटले. मे इ.स. १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत त्यांनी यासंबंधीचा निबंध सादर केला. त्याच सुमारास केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनीही एडसॅक यंत्रासाठी सबरुटीनचा संग्रह तयार केला होता.

ए-० मध्ये एक अडचण अशी होती की, आज्ञावली पुढे कोठेतरी येणाऱ्या भागाकडे उडी मारत असेल, तर त्या भागाचा पत्ता तोवर ठरलेला नसे. हॉपर यांना यावर तोडगा त्यांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधून सुचला. त्या वेळच्या स्त्रियांच्या खेळात चेंडू घेऊन फार पुढे जाता येत नसे. म्हणून खेळाडू चेंडू सहखेळाडूकडे टाकून पुढे धावे आणि पुढच्या जागी तो परत घेई. त्याप्रमाणे त्यांनी मेमरीच्या शेवटी एक तटस्थ कोपरा राखला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात जाई, आणि लक्ष्यभागाचा पत्ता ठरला की त्या कोपऱ्यात पुढील वाटेची आज्ञा भरली जाई. आजच्या लिंकर आणि लोडर या प्रणाली पत्ते नंतर भरण्याचे जे काम करतात, त्याचे हे आरंभीचे रूप होते. याच कारणामुळे, आजच्या व्याख्येनुसार ए-० ही कंपायलरपेक्षा लिंकर व लोडर यांच्या अधिक जवळ जाते, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे.

यंत्र स्वतः आज्ञावली लिहू शकते यावर त्या वेळी फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. संगणक केवळ अंकगणित करतो, हा समज दृढ होता. ए-० नंतर ए-१ आणि ए-२ या सुधारित आवृत्त्या निघाल्या. ए-२ ही प्रणाली ग्राहकांना मूळ आज्ञांसह देऊन त्यांच्याकडून सुधारणा मागवण्यात आल्या. हॉपर यांच्या विभागात पुढे मॅथ-मॅटिक ही गणिती भाषाही तयार झाली.

फ्लो-मॅटिक

गणितज्ञांना चिन्हे सोयीची वाटतात, परंतु वेतनपत्रके, साठा आणि विमा यांचा हिशेब ठेवणाऱ्यांना चिन्हांपेक्षा शब्द जवळचे असतात, असे हॉपर यांचे निरीक्षण होते. म्हणून इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिता येणारी भाषा त्यांनी प्रस्तावित केली. आपला मुद्दा स्पष्ट करण्यासाठी त्यांनी व्यवस्थापनापुढे तीच लहानशी आज्ञावली इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवली. यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे केवळ खुणा. त्या कोणत्या भाषेतील आहेत याने फरक पडत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. परिणाम उलटाच झाला. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच वा जर्मन समजते ही कल्पनाच व्यवस्थापनास अस्वीकारार्ह वाटली आणि पुढील काही महिने त्यांना आपण फक्त इंग्रजीचाच विचार करीत आहोत, असे आश्वासन द्यावे लागले.

बी-० या नावाने सुरू झालेली ही भाषा फ्लो-मॅटिक या नावाने इ.स. १९५८ च्या सुमारास ग्राहकांना उपलब्ध झाली. तीत माहितीचे वर्णन आणि त्या माहितीवर करावयाची कृती हे भाग वेगळे ठेवले होते, आणि प्रत्येक घटकास अर्थपूर्ण नाव देता येत असे.

कोबॉल

इ.स. १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक उत्पादकाची संगणकभाषा वेगळी होती. यंत्र बदलले की सर्व आज्ञावल्या पुन्हा लिहाव्या लागत. बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांच्या पुढाकाराने एप्रिल इ.स. १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक बैठक झाली. त्यानंतर मे महिन्यात संरक्षण खात्याच्या आश्रयाखाली पेंटागॉन येथे झालेल्या बैठकीतून कोडॅसिल ही समिती स्थापन झाली. तिच्या उपसमितीने तयार केलेल्या भाषेस कोबॉल हे नाव मिळाले आणि इ.स. १९६० मध्ये तिचे पहिले विवरण प्रसिद्ध झाले. डिसेंबर इ.स. १९६० मध्ये आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन कंपन्यांच्या भिन्न संगणकांवर जवळपास एकच कोबॉल आज्ञावली चालवून दाखवण्यात आली.

हॉपर यांना कोबॉलची जननी म्हटले जाते. भाषेची प्रत्यक्ष रचना जीन सॅमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या उपसमितीने केली; हॉपर या कार्यकारी समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या. तथापि कोबॉलवर सर्वांत मोठा प्रभाव फ्लो-मॅटिकचा होता, ही गोष्ट समितीतील सदस्यांनीही मान्य केली आहे. कोबॉलमध्ये नाव ३० अक्षरांपर्यंत असू शकते. त्या काळच्या इतर अनेक भाषांमध्ये नावास सहा अक्षरांची मर्यादा होती, हे पाहता ही सवलत मोठी होती.

नावे, पत्ते आणि डीबगिंग

कंपायलरने आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर केले की, फंक्शन आणि चल यांची नावे यंत्राला लागत नाहीत. त्यांच्या जागी मेमरीतील पत्ते येतात. आज्ञावली सुरळीत चालते तोवर याने काही बिघडत नाही. ती मध्येच बंद पडली, तर मात्र हाती येतो तो केवळ एक पत्ता. आरंभीच्या काळात अशा वेळी संपूर्ण मेमरीतील मजकूर अंकांच्या रूपात कागदावर छापला जाई. कंपायलरने छापलेल्या नकाशाशी तो पत्ता ताडून, दोष कोणत्या भागात आहे हे हाताने शोधावे लागे. हॉपर यांनी लिहिण्याच्या बाजूने दूर केलेली अंकांची कटकट दोष शोधण्याच्या बाजूने अशी परत येत असे.

कोबॉलच्या इ.स. १९७४ च्या प्रमाणित आवृत्तीत यासाठी स्वतंत्र डीबगिंग विभाग समाविष्ट करण्यात आला. एखाद्या परिच्छेदाची अंमलबजावणी सुरू होताना त्याची ओळ आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने दिलेले त्याचे नाव एका विशेष नोंदीत उपलब्ध होई आणि ते छापता येई. इ.स. १९८५ च्या आवृत्तीत हा विभाग कालबाह्य ठरवण्यात आला, कारण तोवर हे काम स्वतंत्र डीबगर करू लागले होते.

आधुनिक पद्धतीत कंपायलर यंत्रभाषेतील फाइलसोबत एक चिन्हतक्ता जोडतो. कोणते नाव कोणत्या पत्त्यास लागू आहे, याची ती यादी असते. ड्वार्फसारख्या माहितीस्वरूपात याशिवाय मूळ फाइलचे नाव, ओळक्रमांक आणि चलांचे प्रकारही नोंदवलेले असतात. जीडीबीसारखा डीबगर आज्ञावली थांबलेल्या पत्त्यावरून तक्त्यात मागे जातो आणि तो पत्ता ज्या फंक्शनच्या हद्दीत पडतो त्याचे नाव दाखवतो. एका फंक्शनने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास हाक मारलेली असल्यास ती साखळीही नावांनिशी उलगडते. फाइलचा आकार कमी करण्यासाठी वा आतील रचना लपवण्यासाठी हा तक्ता काढून टाकला, तर नावांच्या जागी पुन्हा निव्वळ पत्ते उरतात. म्हणून अनेक ठिकाणी ग्राहकास तक्ता नसलेली फाइल दिली जाते आणि तक्ता स्वतंत्रपणे जपून ठेवला जातो. बिघाडाचा अहवाल आला की दोन्हींची सांगड घातली जाते.

सी++ सारख्या भाषांत आणखी एक गुंतागुंत आहे. तेथे एकाच नावाची, पण निराळ्या प्रकारची मूल्ये घेणारी अनेक फंक्शन असू शकतात. चिन्हतक्त्यात प्रत्येकाचे नाव वेगळे असणे आवश्यक असल्याने, कंपायलर मूळ नावास त्याची अक्षरसंख्या आणि मूल्यांच्या प्रकारांची सांकेतिक अक्षरे जोडतो. लिंकरचे काम त्यामुळे सोपे होते, परंतु तयार होणारे नाव माणसाला सहज वाचता येत नाही. सी++फिल्टसारखी साधने आणि डीबगरमधील तत्सम सोयी हे गुंफलेले नाव उलगडून मूळ स्वरूपात दाखवतात.

नौदलात पुनरागमन

वयोमर्यादेमुळे इ.स. १९६६ च्या अखेरीस हॉपर यांना नौदलाच्या राखीव दलातून कमांडर पदावरून निवृत्त व्हावे लागले. मात्र नौदलातील आज्ञावल्यांमध्ये एकवाक्यता नसल्याने ऑगस्ट इ.स. १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आले. हा कालावधी पुढे अनिश्चित काळासाठी वाढवण्यात आला. या काळात त्यांनी नौदलासाठी कोबॉलचे प्रमाणीकरण हाती घेतले. एखाद्या उत्पादकाचा कंपायलर प्रमाणित भाषेशी सुसंगत आहे की नाही, हे तपासणाऱ्या चाचण्यांचा संच त्यांच्या गटाने तयार केला.

इ.स. १९७३ मध्ये त्या कॅप्टन, इ.स. १९८३ मध्ये कमोडोर झाल्या. इ.स. १९८५ मध्ये या पदाचे नाव बदलून रिअर अ‍ॅडमिरल असे झाले. दि. १४ ऑगस्ट, इ.स. १९८६ रोजी बॉस्टन येथे यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक युद्धनौकेवर त्यांचा निवृत्ती समारंभ झाला. त्या वेळी ७९ वर्षांच्या हॉपर या नौदलातील सर्वांत वयोवृद्ध कार्यरत अधिकारी होत्या.

व्याख्याने

हॉपर या अत्यंत लोकप्रिय वक्त्या होत्या. विजेचा संकेत एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त किती अंतर कापू शकतो, हे दाखवण्यासाठी त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे श्रोत्यांना वाटत. उपग्रहाद्वारे संदेश पोहोचण्यास वेळ का लागतो आणि संगणक वेगवान करण्यासाठी तो लहान का करावा लागतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या याच तारेतून देत. त्यांच्या कार्यालयातील घड्याळाचे काटे उलट दिशेने फिरत असत. रूढ पद्धत हीच एकमेव पद्धत नव्हे, हे येणाऱ्यास दाखवण्याचा तो मार्ग होता. तरुणांना शिकवणे हे आपले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, असे त्या मानत.

भारतातील प्रभाव

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक इ.स. १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या मेमरीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. इ.स. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि उच्चस्तरीय भाषांतून आज्ञावली लिहिण्याची सोय मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली.

इ.स. १९६८ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली, इ.स. १९७३ मध्ये अंधेरी येथे सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले. मुंबई आणि पुणे येथे विकसित झालेल्या सॉफ्टवेअर व्यवसायात परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या कोबॉल आज्ञावल्यांची देखभाल हे एक प्रमुख काम होते. इ.स. २००० जवळ आल्यावर, वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक साठवणाऱ्या जुन्या आज्ञावल्या दुरुस्त करण्याचे मोठे काम भारतीय कंपन्यांकडे आले. अनेक दशकांपूर्वी दुसऱ्या देशातील व्यक्तीने लिहिलेली आज्ञावली वाचून तिच्यातील तारखा शोधणे कोबॉलमधील लांब, अर्थपूर्ण नावांमुळे शक्य होत असे. जेथे मूळ आज्ञा हरवल्या होत्या आणि केवळ यंत्रभाषेतील फाइल उरली होती, तेथे हेच काम अतिशय कठीण ठरले.

फ्रेंच व जर्मन आज्ञावलीच्या प्रात्यक्षिकातून हॉपर यांनी मांडलेला मुद्दा मराठीसारख्या भाषांनाही लागू पडतो. इ.स. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून त्या भाषेत फंक्शन आणि चल यांना देवनागरीत नावे देता येतात; युनिकोडच्या आधाराने आता इतर काही भाषांतही ही सोय आहे. अशी नावे चिन्हतक्त्यातही जशीच्या तशी राहतात. मात्र डीबगर अथवा पडद्याचा वर्णसंच युनिकोडशी जुळलेला नसेल, तर देवनागरी नावाच्या जागी अंकांचे पुंजके दिसतात.

मूल्यमापन

हॉपर यांच्या कार्याविषयी दोन प्रकारचे आक्षेप घेतले गेले आहेत. पहिला आक्षेप श्रेयासंबंधी आहे. मँचेस्टर येथे अ‍ॅलिक ग्लेनी यांनी इ.स. १९५२ मध्ये तयार केलेला ऑटोकोड आणि आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने इ.स. १९५७ मध्ये पूर्ण केलेला फोरट्रानचा कंपायलर हे आजच्या अर्थाने कंपायलरच्या अधिक जवळचे आहेत, असे मानले जाते. दुसरा आक्षेप कोबॉलच्या शब्दबंबाळपणावर आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या संगणकशास्त्रज्ञांनी या भाषेवर कठोर टीका केली; विद्यापीठीय वर्तुळात तिला फारसा मान मिळाला नाही.

असे असले तरी बँका, विमा आणि शासकीय कार्यालये यांतील व्यवहारांचा मोठा भाग अनेक दशके कोबॉलवर चालत आला आहे. आज्ञावली यंत्रासाठी एकदा, परंतु माणसांसाठी अनेकदा वाचली जाते, ही जाणीव संगणक व्यवसायात रुजवण्यात हॉपर यांचा वाटा मोठा असल्याचे मानले जाते.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

नौदलातून निवृत्त झाल्यानंतर हॉपर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये वरिष्ठ सल्लागार म्हणून रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत त्या कंपनीशी संबंधित राहिल्या. दि. १ जानेवारी, इ.स. १९९२ रोजी आर्लिंग्टन येथील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या ८५ वर्षांच्या होत्या. आर्लिंग्टन राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचे पूर्ण लष्करी इतमामात दफन करण्यात आले.

सन्मान

इ.स. १९६९: डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम पुरुष या नावाचा पहिला पुरस्कार.

इ.स. १९७१: तरुण संगणकतज्ज्ञांसाठी त्यांच्या नावे एसीएम या संस्थेचा पुरस्कार सुरू.

इ.स. १९७३: ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीच्या विशेष सन्माननीय सदस्य, हा मान मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकन व्यक्ती आणि पहिल्या स्त्री.

इ.स. १९८६: संरक्षण खात्याचे विशिष्ट सेवा पदक.

इ.स. १९९१: राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक, वैयक्तिकरीत्या हे पदक मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री.

इ.स. १९९४: संगणकक्षेत्रातील स्त्रियांसाठी त्यांच्या नावे ग्रेस हॉपर सेलिब्रेशन या परिषदेस प्रारंभ.

इ.स. १९९७: यूएसएस हॉपर ही विनाशिका अमेरिकन नौदलात दाखल.

इ.स. २०१६: राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या हस्ते मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम.

इ.स. २०१७: येल विद्यापीठातील कॅल्हून कॉलेजचे ग्रेस हॉपर कॉलेज असे नामांतर.